हिवाची पहिली पोई आणि अलाएचं घरटं

२ जुलै

क्लिनिकमधल्या बाई म्हणाल्या, रोज मनात येईल ते लिहा, मोकळं वाटेल. मनात काही येत नाही. लिहिलं.

५ जुलै

काल गावात फटाके होते. आम्ही पडवीत बसून राहिलो. बर्निस बटाट्याचं सॅलड घेऊन आली. बर्निस म्हणजे एल्रॉयची थोरली बहीण. एल्रॉय माझा नवरा. ती बांधापलीकडे एकटी राहते आणि उरलेलं सगळं बोलणं आमच्या घरी येऊन बोलते. "व्हायोला, तोंड जरा बरं कर गं," म्हणाली, "लोकांना वाटेल माझं सॅलड आंबलंय." मी खाल्लं. आंबलं होतं की नाही, देव जाणे.

सून, जेरिलिन, बाळाचे कान झाकून आत बसली होती. एवढ्या आवाजात हिवा मात्र झोपून राहिली. सहा महिन्यांची झाली ती.

९ जुलै

बाईंनी विचारलं, मुलाबद्दल लिहिलंत का? नव्हतं लिहिलं. आज लिहून टाकते, म्हणजे पुढच्या खेपेला तोंड चुकवायला नको.

कामालू. एकुलता एक. गेल्या वर्षी जूनमध्ये वळणावर ट्रक उलटला, त्यात गेला. जेरिलिनला दिवस गेल्याचं त्याच आठवड्याच्या सुरुवातीला कळलं होतं, आणि कळल्याबरोबर ह्या बाबाने नदीकाठचं लहान खाचर एकट्याने लावून काढलं. अळू तयार व्हायला वर्षाच्या वर लागतं. बोटांवर महिने मोजून मला म्हणाला, "बघ मा, पोर सहा महिन्यांचं होईल तेव्हा हे अळू तयार. पहिली पोई ह्याच खाचरातली. दुकानातली चालणार नाही, सांगून ठेवतो." आमच्याकडे बाळाच्या जिभेवर पहिला घास पोईचाच. अळूचे कंद उकडायचे, पाट्यावर कुटायचे, पाणी लावून सैल करायचे आणि बोटाने चाटवायचं. मला तसंच चाटवलं, एल्रॉयला तसंच, कामालूला मीच.

आता पोर सहा महिन्यांचं झालंय आणि अळूही तयार आहे. पोईचं उरकलं की जेरिलिन बाळाला घेऊन लास व्हेगासला जाणार. तिची आई तिथे, बहीण तिथे. अर्धं बेट तिथेच जाऊन बसलंय म्हणा. बहिणीने हॉटेलात काम बघून ठेवलंय. इथे तिला काय आहे? चिखल आणि आम्ही दोन म्हातारी माणसं. मला विचारलंन तेव्हा मी म्हटलं, "जा, बरं होईल." ती ताटं उचलून आत गेली.

शनिवारी काढणी ठरलीय.

११ जुलै

काढणी रद्द.

उद्यासाठी पाणी उतरवावं म्हणून सकाळी पाटाची फळी टाकायला गेले. खाचराच्या मधोमध अळूची चार पानं मोडून खाली वाकवलेली दिसली. वाटलं डुकराचं काम. आत शिरले तर एक अलाए घरट्यावरून घसरून पाण्यात गेली आणि पानांआडून माझ्यावर ओरडायला लागली. लाल कपाळाची आमची पाणकोंबडी. घरट्यात अंडी, तपकिरी ठिपक्यांची.

आमची सगळी खाचरं पाखरांच्या अभयारण्यात येतात. कसायची परवानगी आहे, पण घरटं दिसलं की कळवायचं. मग झेंड्या लागतात. पिल्लं निघून जरा मोठी होईपर्यंत आत पाऊल नाही, आणि पाणी वरही नाही अन् खालीही नाही. मी बांधावर बसले आणि तिथूनच शर्मेनला फोन केला. ती अभयारण्यात पाखरांचं बघते.

एल्रॉय म्हणाला, "फोन मला आधी करायचास."

"नियम आहे," मी म्हटलं.

"नियम मला शिकव आता." ट्रक घेऊन निघून गेला. जेवायला आला नाही.

बर्निस तर काय, टपलेलीच होती. "मागे वरच्या खाचरात घरटं निघालं तेव्हा चार दिवस मूग गिळून बसली होतीस. आज एवढी घाई? नातीच्या तोंडचा घास गं!" मी म्हटलं तेव्हाची गोष्ट वेगळी. घरटं दिसलं, कळवलं. त्यात वाटण्यासारखं काय आहे?

जेरिलिनने व्हेगासला फोन करून बहिणीला सांगितलं, "थोडं पुढे गेलंय." मी भांडी घासत होते, ऐकू आलं. रात्री झोप लागली. बऱ्याच दिवसांनी अशी लागली. ढगाळ होतं म्हणून असेल.

१२ जुलै

शर्मेन झेंड्या लावून गेली. कामालूच्या वर्गातली पोरगी. दोघं एकाच बाकावरून बाहेर हाकलले जायचे. आता डोक्यावर टोपी, हातात ती पाटी, तिच्यावर बोट फिरवते. आधी मला मिठी मारली. मी उभी राहिले.

"आंटी, जगात ही फक्त आपल्या बेटावर आणि पलीकडच्या ओआहू बेटावर उरलीय," म्हणाली. मला कशाला सांगते, जन्म गेला इथे. पण ती प्रत्येकाला सांगते.

खाचर एवढंसं. झेंड्यांच्या आत जवळजवळ सगळंच आलं, नदीकडचा एक कोपरा तेवढा बाहेर राहिला. जेरिलिन बाळाला कडेवर घेऊन बांधावर उभी होती. तिने विचारलं, "त्या कोपऱ्यातली दोन-चार रोपं उपटली तर? एका बाळाला पुरे होतील."

शर्मेनने अंतर बघितलं. "चालेल. हळू जा, बांधाकडून जा. माझी हरकत नाही."

मी म्हटलं, "तो कोपरा कच्चा आहे."

"कच्चा? मा, पानं बघ की केवढी झालीत."

"पानांवर काय जातंय? कंद कच्चा आहे. आणि माणूस आत गेलं की पाखरू उठतं, एकदा उठलं की परत बसत नाही. मला नको ते पाप."

शर्मेन माझ्याकडे बघत होती. एल्रॉय लांब उभा होता, तोही बघत होता. तीस वर्षं अळू लावतोय तो. त्याने म्हणायला हवं होतं की कच्चा नाही. त्याने खाली बघितलं आणि बुटाचा चिखल बांधाला पुसला.

१७ जुलै

बाईंकडे गेले नाही. गाडीत पेट्रोल नव्हतं.

२० जुलै

रोज सकाळी खाचरावर जाते. पाण्याकडे लक्ष हवं, म्हणून. नवरा-बायको आळीपाळीने अंड्यांवर बसतात, आमच्यात एवढा समजूतदारपणा कधी नव्हता. एक बसलं की दुसरं गवताची काडी आणून घरट्यात खोचतं. तेवढ्यात हवेचा झोत आला की काडी पडते, परत जाऊन आणतं. मी थर्मासभर कॉफी संपेपर्यंत बसते.

पलीकडच्या तळ्यात शर्मेनचा ट्रॅक्टर चालू आहे. पाणी सोडून दिलं, माजलेलं गवत चिखलात गाडलं, आता घोट्याएवढं पाणी परत भरतायत. लांब पायांच्या शेकाट्या पाखरांना तसं लागतं, उथळ आणि मोकळं. अलाएला खोल पाणी आणि गचपण. "एकीला एक हवं, दुसरीला त्याच्या उलट," शर्मेन बांधावर बसून सँडविच खात म्हणाली, "दोन सुना एका घरात, आंटी. मी मधल्यामध्ये मरते." मी म्हटलं, "मला एकच आहे, तीही चाललीय." तिने खाणं थांबवलं. मी उगाच बोलले. असं काही लागून राहिलेलं नाही मला.

हिवाला जेरिलिन आता भाताची पेज आणि कुस्करलेलं केळं देते. पोईचं नाव काढत नाही. बर्निस मात्र काढते.

२६ जुलै

पाऊस नाही. पाटाला पाणी कमी. वरची आमची दोन मोठी खाचरं, पोईच्या गिरणीला जायचं अळू, त्यांच्या कडा उघड्या पडल्यात, चिखलाला भेगा. नदीकाठच्या लहान खाचरात मात्र पाणी काठोकाठ, आणि गार. कुठून येतं कुणास ठाऊक, उतार असेल.

एल्रॉयचं कामात लक्ष नाही. पहाटे निघतो, उन्हं तापली की येतो, अंगभर चिखल. वरची खाचरं बघवत नाहीत अशी झालीत. पीत असेल कुणाबरोबर. वास येत नाही, पण विचारायला मीही जात नाही. आमचं बोलणं म्हणजे मीठ दे, दार लाव, ट्रकची चावी कुठाय.

२ ऑगस्ट

पिल्लं निघाली. सकाळी पोचले तर दोन बाहेर आली होती, दुपारपर्यंत आणखी तीन. काळी, ओली, टकली, डोकं लाल. इतकी कुरूप पोरं मी बघितली नाहीत आणि मी कामालूला जन्मल्या क्षणी बघितलेलं आहे. घरट्यावरून एकेक पाण्यात पडतं आणि पडल्या पडल्या पोहतं, कुणी शिकवलेलं नाही.

शर्मेनला फोन करायचा राहिला. पिल्लं निघाल्याच्या दिवसापासून पुढचा हिशेब धरतात. फोनचं चार्जिंग उतरलं होतं.

५ ऑगस्ट

राहिला.

९ ऑगस्ट

शर्मेन स्वतःच आली. दुर्बीण लावली, मग खाली केली. "आंटी, ही पिल्लं आठवडाभराची तरी आहेत."

"असतील."

"तुम्ही रोज येता ना इथे?"

"डोळे अधू झालेत माझे." पलीकडच्या डोंगरावरची बकरी मला दिसते, आणि हे शर्मेनला माहीत आहे. लहानपणी तिचे आणि कामालूचे नको ते उद्योग मी इथूनच बघून ओरडायची.

तिने पाटीवर काहीतरी टिपलं आणि आठवडा मागे धरून हिशेब केला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती खाचर तपासेल, पिल्लं पलीकडच्या तळ्याकडे सरकली असतील तर काढणी करा. मी म्हटलं, "नीट वाढू देत की. कसली घाई आहे?"

"घाई मला नाहीये, आंटी," ती म्हणाली.

संध्याकाळी जेरिलिनने तिकीट काढलं. चौदा सप्टेंबर. हॉटेलवाले त्यापुढे थांबायला तयार नाहीत. तिने सांगितलं तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. म्हटलं, बरं झालं, रविवारी गर्दी कमी असते. रविवारी कधी गर्दी कमी असते? मला काय माहीत, मी कधी विमानात बसलेय?

१८ ऑगस्ट

एक पिल्लू कमी झालं. बेडूक. इथले ते मोठे बेडूक काय वाटेल ते गिळतात. एल्रॉयने कामालूचा मासे मारायचा तीनटोकी भाला काढला आणि दोन दिवस खाचराच्या कडेने फिरतोय. काल बर्निसने बेडकांचे पाय लसूण घालून तळले. "भावाने एवढं कधी माझ्या कोंबड्यांसाठी नाही केलं," म्हणाली. "तुम्ही दोघं नवरा-बायको ठार वेडे झालात. वरचं अळू करपलंय, आणि इथे पाखराची राखण चाललीय." एल्रॉय म्हणाला, "खा गप." मीही तेच म्हटलं, एकाच वेळी. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एका मताचे झालो, ते बर्निसला गप्प करायला.

२४ ऑगस्ट

हिवा मला बघून हात पुढे करते. मी घेते. जड झालीय. तिच्या मानेला आंबट दुधाचा वास येतो. घेतलं की घेतलेली असते, एवढंच. बाईंनी विचारलं, नात मांडीवर असताना काय वाटतं? म्हटलं, मांडी अवघडते.

३० ऑगस्ट

कोपऱ्यातून, झेंड्यांच्या बाहेरून, पाण्यात पाय घालून अंगठ्याने एक कंद दाबून बघितला. मऊ लागला. शेजारचा दाबला. तोही. अळू वेळेवर निघालं नाही की आतून पाणी धरतं आणि सडतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. जुलैत तो कोपरा कच्चा नव्हता. पक्का होता. उपटला असता तर त्याच दिवशी हिवाच्या तोंडात पडला असता.

घरी कुणाला सांगितलं नाही. पाय धुतले.

६ सप्टेंबर

हे आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

शर्मेन तपासायला आली. कंबरभर पानांतून एकेक ओळ चालली. मी मागे. एल्रॉय आणि जेरिलिन बांधावर, हिवा एल्रॉयच्या खांद्यावर. जुनं घरटं रिकामं होतं, बुळबुळीत झालेलं. पिल्लं पलीकडच्या तळ्यात चरत होती, आईएवढी झालीत.

"मोकळं आहे, आंटी. उद्या काढायला घ्या."

मी म्हटलं, "त्या बाजूला बघ. पानं वाकलीत."

ती गेली. "वाऱ्याने वाकलीत. काही नाही."

"एका विणीवर थांबत नाहीत त्या. लगेच दुसरं घालतात. बांधाखाली बघितलंस का?"

तिने वाकून बांधाखाली बघितलं. नाही म्हणाली.

"मधल्या ओळीत?"

"आंटी, मधल्या ओळीतूनच आलो आपण."

"पुन्हा एकदा बघ."

ती बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "शर्मेन, एकदा फक्त. नीट बघ गं. असेल कुठेतरी. असायलाच हवं." माझा आवाज चढला होता, हे मला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. मी स्वतःच पानं बाजूला करायला लागले. हातांनी चिखल चाचपायला लागले. अंडी कुणी चिखलात शोधतं का? मी शोधत होते.

शर्मेनने पाटी बांधावर टाकली आणि मागून मला धरलं. त्या गुडघाभर चिखलात. "आंटी," माझ्या कानाशी म्हणाली, "घरटं असतं तरी जेरिलिन जाणारच आहे."

तोवर मला खरंच माहीत नव्हतं मी काय करत होते. शपथेवर सांगते. दोन महिने मला वाटत होतं की मी नियम पाळतेय.

बांधावर जेरिलिन उभी होती. तिने सगळं ऐकलं.

७ सप्टेंबर

काढलं. कंद हातात फुटत होते, आत तपकिरी पाणी. वासाने बर्निसनेसुद्धा नाकाला पदर लावावा तसा टॉवेल लावला आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. कामालूने लावलेलं सगळं मी सडवलं. पाटाच्या तोंडाशी, जिथे गार पाणी आत येतं तिथे, थोडे कंद टणक निघाले. एक बादलीही भरली नाही.

एल्रॉय त्या बादलीकडे बघून म्हणाला, "तेवढं तरी राहिलं. वरचं सगळं पाणी इकडे वळवलं होतं मी."

"वरचं? म्हणून ती खाचरं गेली?"

"मग काय आपोआप गेली? पहाटे फळ्या बदलायचो, शेजाऱ्यांची पाळी सुरू व्हायच्या आत."

"पाखरासाठी?"

तो हसला. कामालू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. "पाखरासाठी! तुला जेवढं पाखरू प्यारं, तेवढंच मला. पाणी आटलं असतं तर घरटं टाकून गेली असती ती. मग काढणी. मग विमान." चिखलाचा हात तोंडावर फिरवला. "पिल्लं मीही बघितली होती दोन तारखेला. तू काही म्हणत नाहीस म्हटल्यावर मीही नाही म्हटलं."

वरचं वर्षाचं पीक गेलं. मला राग यायला हवा होता. मी त्याच्या शेजारी बसून कंदांची साल खरवडत राहिले.

८ सप्टेंबर

बर्निसने कंद उकडले. एल्रॉयने पाटा काढला, बापाचा. कुटताना दोनदा थांबला, खांदा दुखतोय म्हणाला. वाडगाभर पोई झाली. जरा खरबरीत. मी म्हटलं, "पाणी जास्त झालं," बर्निस म्हणाली, "तोंडात घाल आणि मग बोल."

जेरिलिनने हिवाला माझ्या मांडीवर दिलं. मला वाटलं ती स्वतः भरवेल. "तू दे, मा," म्हणाली. मी बोट बुडवलं आणि पोरीच्या ओठांना लावलं. तिने तोंड वाकडं केलं, थू करून सगळं माझ्या मनगटावर काढलं. बर्निस म्हणाली, "बापावर गेली. त्यालाही तीनदा द्यावी लागली होती." दुसऱ्या बोटाला तिने जीभ लावली. तिसऱ्याला माझं बोटच धरलं आणि सोडेना. दात येतायत. चावली. दुखलं.

जेरिलिन समोर जमिनीवर बसली होती. म्हणाली, "शनिवारी अर्धा वाडगा गोठवून देशील का, मा? बरोबर न्यायला."

म्हटलं, देईन.

१४ सप्टेंबर

लिहुएचा विमानतळ. एल्रॉय सामान उतरवत होता. बर्निसने फुलांचे हार आणले होते, बाळासाठी पिटुकला, हिवा तो खात होती. रोपं, माती, फळं बाहेर नेत नाही ना म्हणून सामान तपासतात, तिथली बाई पोईचा गोठलेला डबा हातात घेऊन म्हणाली, "घरची?" जेरिलिन म्हणाली, "हो, घरची." त्या बाईने डबा दोन्ही हातांनी परत ठेवला.

मी काय म्हणायचं ते ट्रकमध्ये ठरवून ठेवलं होतं. पोचलीस की फोन कर. बाळाला ऊन लागू देऊ नकोस, तिकडे कोरडं असतं. हे सगळं म्हटलं. ती हो हो म्हणत होती, तपासणीच्या रांगेत बूट काढत होती. माणसं पुढे सरकत होती. तिने मला मिठी मारली आणि वळली.

मी म्हटलं, "जाऊ नकोस."

मोठ्याने. पुढचे दोघं वळून बघायला लागले.

जेरिलिन हातात एक बूट घेऊन तशीच थांबली. "आता म्हणतेस, मा?"

"आता."

"मी रोज वाट बघत होते," ती म्हणाली. "रोज सकाळी तू खाचरावर जायचीस, आणि मी म्हणायचे, आज परत येईल तेव्हा म्हणेल." ती रडत होती, आणि तिला रडताना मी अंत्यविधीलाही बघितलं नव्हतं, का तर मी तेव्हा कुणाकडेच बघितलं नव्हतं. "आता सगळं दिलं गं तिकडे. खोली, काम. आता कशी थांबू?"

"थांबू नकोस. जा," मी म्हटलं. "मला फक्त म्हणायचं होतं."

मागचा माणूस घड्याळ बघत होता. तिने माझ्या कपाळाला कपाळ लावलं, हिवा मधे चेंगरली आणि केकाटली. मग ती गेली. काचेपलीकडे गेल्यावर वळली आणि हिवाचा हात धरून हलवला. नाताळला येते म्हणाली, ओठांवरून कळलं. येईल न येईल.

ट्रकमध्ये बसल्यावर एल्रॉयने विचारलं, "काय म्हणालीस एवढं तिला?"

सांगितलं.

तो चावी हातात धरून बसला. "बरं झालं म्हणालीस," म्हणाला, "माझ्या तोंडून नसतं निघालं." आणि मग रडायला लागला, लहान मुलासारखा, कामालूचं नाव घेऊन. मीही. इतक्या मोठ्याने की पार्किंगचा माणूस काचेवर टकटक करायला आला. एल्रॉयने हात वर करून त्याला सांगितलं, जरा थांब.